मशीनचे दिवे लागतात, पण धुणं सुरूच होत नाही. बोर्ड बदलण्याआधी काय काय बघावं?

गोदाकाठ (शुक्रवार, सकाळी ११:२०)

नमस्कार. इथल्या जाणकारांची मदत हवी आहे, आणि जरा तातडीने हवी आहे.

आमचं समोरून दार असलेलं, सात किलोचं मशीन आहे. २०१७ साली घेतलं, आजवर एकदाही कुरकुर नाही. मंगळवारपासून मात्र असं होतंय: प्लग लावला की दिवे लागतात, प्रोग्रॅम निवडता येतो, स्टार्ट दाबलं की "टक्" असा आवाज येतो. पाचेक सेकंद काही नाही. परत "टक्". पुन्हा एकदा. मग लांब बीप वाजते आणि सगळे दिवे लुकलुकत राहतात. पाणी येत नाही, ड्रम फिरत नाही.

काल सर्व्हिस सेंटरचा माणूस येऊन गेला. मशीन पुढे ओढलं नाही, वरचं झाकण उघडलं नाही. दोनदा स्टार्ट दाबून बघितलं आणि "पीसीबी (म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलाय, ८४०० होतील, त्यापेक्षा नवीनच घ्या" म्हणाला. तपासणीचे ५९० रुपये घेऊन गेला.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यामुळे त्या गेले चार महिने अंथरुणावर आहेत. रोजच्या चार-पाच चादरी, दुपटी, गाऊन. हाताने धुवायला माझी ना नाही, तीन दिवस तेच करतेय. पण या पावसात हाताने पिळलेली चादर दोन दिवस वाळत नाही, आणि ओलसर चादर त्यांच्या अंगाखाली घालवत नाही. त्यांच्या पाठीला आधीच लाली आली आहे. म्हणून ८४०० खर्च करायचे की नवीन घ्यायचं, हे लवकर ठरवायचं आहे. खरंच बोर्डच गेला असेल का?

शेवंती (११:४५)

ताई, आधी सासूबाईंना लवकर बरं वाटू दे.

दोन साध्या गोष्टी बघून घ्या. एक, चाइल्ड लॉक लागलंय का. पॅनलवर कुलपाचं किंवा बाळाच्या चेहऱ्याचं चिन्ह दिसेल, ते ज्या बटणाशी असेल ते तीन-चार सेकंद दाबून ठेवलं की निघतं. दोन, उशिरा सुरू करायची वेळ चुकून लागली आहे का. माझ्याकडे फडक्याने पॅनल पुसताना ते बटण दाबलं गेलं होतं आणि मी दीड तास मशीन बिघडलं म्हणून बसले होते.

गोदाकाठ (१२:०५)

दोन्ही बघितलं, तसं काही नाही. धन्यवाद.

कोकणकडा (१२:३०)

ताई, मशीनच्या खाली टॉर्च मारून बघा. चिपळूणला आमच्याकडे अगदी असंच झालं होतं. दिवे लागायचे, पुढे काही नाही. मशीन आडवं केलं तर खाली उंदराचं घरटं, सुपारीची सालं, आणि चार तारा कुरतडून तांबं उघडं पडलेलं. आमचं वरून झाकणाचं आहे, त्याला तळ जवळजवळ मोकळाच असतो, त्यामुळे पावसाळ्यात उंदीर आत शिरतो. तारा जोडून टेप मारली आणि खालून बारीक जाळी बसवून घेतली. त्याला आता तीन पावसाळे झाले.

आधी प्लग काढा हं. उघड्या तारेला हात लागला तर जिवाशी गाठ आहे.

तारयंत्र (दुपारी २:१०)

गोदाकाठ ताई, मी चिंचवडला एका कारखान्यात एकतीस वर्षं विद्युत देखभालीचं काम केलं, आता निवृत्त आहे. सोसायटीतली मशीनं बघतो. तुम्ही आवाजाचं इतकं नीट वर्णन केलंत म्हणून लिहितोय. बहुतेक लोक "चालत नाही" एवढंच सांगतात.

स्टार्ट दाबल्यावर मशीन एका ठरलेल्या क्रमाने जातं. आधी दार अडकवतं. दार पक्कं अडकल्याची खबर बोर्डाला मिळाली की पंप थोडा वेळ चालवून आत जुनं पाणी नाही ना, हे बघतं (सगळी मशीनं हे करत नाहीत). मग पाण्याचा व्हॉल्व उघडतं. पाणी पुरेसं झाल्याचं प्रेशर स्विचने सांगितलं की मोटर. क्रम कुठे तुटतो ते कानांनी कळतं. दाराचा खटका ऐकू आला, पंप गुरगुरला आणि पाणी नाही, तर नळ, जाळी, व्हॉल्व. पाणी आलं आणि ड्रम हलला नाही, तर मोटर, पट्टा, कार्बन (मोटरला वीज पोचवणारे ब्रश). तुमचं पहिल्याच पायरीवर अडतंय असं दिसतं.

आता दाराचं लॉक कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचे प्रश्न का विचारतोय ते कळेल. त्या वर्षांतल्या बऱ्याच मशीनच्या लॉकमध्ये वीज मिळाली की तापणारी एक छोटी गोळी असते. ती तापली की तिला चिकटलेली दोन धातूंची पट्टी वाकते, पट्टी एक खिळी पुढे ढकलते आणि दार अडकतं. त्याच हालचालीत आतला विजेचा संपर्क जुळतो. याला दोन ते पाच सेकंद लागतात. धुणं संपल्यावर दार लगेच उघडत नाही, मिनिट-दीड मिनिट थांबावं लागतं ना? ती गोळी निवायला लागणारा तो वेळ.

म्हणून तीन गोष्टी बघून सांगा.

"टक्" नक्की कुठून येतो? दाराला कान लावून एकदा, वरच्या पॅनलला कान लावून एकदा.

बीप झाल्यावर दार लगेच उघडतं की मिनिटभर अडकून राहतं?

दार लावून, कुलपाच्या बाजूला गुडघ्याने घट्ट दाबून धरा आणि स्टार्ट करा. फरक पडतो का?

गोदाकाठ (दुपारी ३:००)

काका, लगेच बघून आले.

आवाज वरून, पॅनलच्या मागून येतोय. दारातून काहीच नाही. बीप झाल्यावर दार तत्क्षणी उघडतं. आणि गुडघ्याने दाबलं तर पहिल्या दोन वेळा काही नाही, तिसऱ्या वेळेस दाराजवळ "खट्" झालं आणि पाणी यायला लागलं! घाबरून बंद केलं. परत केलं तर पुन्हा तेच, टक्, टक्, टक् आणि बीप.

तारयंत्र (दुपारी ३:४०)

छान केलंत. यातून बरंच कळलं.

वरचा "टक्" म्हणजे बोर्डावरचा रिले, विजेने चालणारा छोटा स्विच. बोर्ड दाराच्या लॉकला वीज देतोय, उत्तर येत नाही म्हणून पुन्हा प्रयत्न करतोय आणि शेवटी तक्रार करतोय. म्हणजे बोर्ड त्याचं काम करतोय. रिलेचे संपर्क आतून जळले असतील तर आवाज येऊनही वीज पुढे जात नाही, हे होऊ शकतं. पण मग गुडघ्याने दाबून मशीन चालू झालं नसतं.

दार तत्क्षणी उघडतं म्हणजे आतली खिळी अडकतच नाही. दाबल्यावर अडकली म्हणजे गोळीही जिवंत आहे. मग उरतं काय? दाराचा आकडा (हूक) लॉकमध्ये पुरेसा आत जात नाही, किंवा तो आकडा ज्या प्लास्टिकच्या सरकपट्टीला ढकलतो ती झिजली आहे.

आता दार अर्धं उघडा आणि मोकळ्या कडेला धरून वर उचलून बघा. हलतं का? आणि लॉकच्या खाचेत टॉर्च मारून बघा, साबणाचा थर किंवा धागे साठलेत का.

सांगलीकर (दुपारी ४:१५)

काकांचं निदान पटतंय, तरी एक बाजू मांडतो. बोर्ड जातात हो. आमच्याकडे गेल्या वर्षी वळवाच्या पावसात वीज कडाडली, त्यानंतर मशीन असंच मुकं झालं. मी आठ दिवस लॉक, जाळी, नळ बघत बसलो, शेवटी बोर्डच निघाला. पण नवा घातला नाही. सांगलीत एक जण बोर्ड दुरुस्त करतो, त्याने दोन भाग बदलून अठराशेत चालू करून दिला. त्यामुळे बोर्ड गेला असं ठरलं तरी तो दुरुस्त होतो का हे विचारा.

आणि व्होल्टेज बघा. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात सहा टक्के कमी-जास्त चालतं असा नियम आहे, म्हणजे साधारण २१६ ते २४४. आमच्या शेतातल्या घरी संध्याकाळी पंप सुरू झाले की १७० वर येतं. तेव्हा लॉक तापायलाच वेळ लागतो आणि मशीन दार उघडं असल्याची तक्रार करतं. तेच मशीन रात्री अकराला बिनतक्रार चालतं.

तारयंत्र (दुपारी ४:५०)

सांगलीकर, मान्य. व्होल्टेजचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. ताई, घरातले बाकीचे दिवे-पंखे नीट चालतायत ना? आणि प्लग थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये आहे ना? एक्स्टेंशन बोर्डावर असेल तर आधी तो काढा. सैल सॉकेटमध्ये दिवे लागण्यापुरती वीज मिळते, लोड आला की बसते.

हे वाचून कुणी स्वतः झाकण उघडणार असेल तर एक सांगतो. प्लग काढल्यावरही बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास वीज काही काळ टिकून राहते. दहा मिनिटं थांबा आणि बोर्डाला बोट लावू नका. आणि लॉकच्या तारा एकमेकींना जोडून मशीन "चालू करून" देणारे काही जण भेटतात, त्यांना घरात घेऊ नका. पिळताना ड्रम मिनिटाला हजार फेरे घेतो. दार उघडं असताना तो फिरला आणि लहान मुलाचा हात आत गेला तर काय होईल याचा विचार करवत नाही.

फिरकी (सायंकाळी ५:३०)

याच धाग्यावर विचारते, चालेल का? आईकडे लातूरला दोन टबांचं, सेमी ऑटोमॅटिक मशीन आहे. धुण्याचा टायमर फिरवला की नुसता "हूंऽऽ" आवाज येतो, खालची चकती फिरत नाही. हाताने ढकलली की फिरायला लागते.

तारयंत्र (सायंकाळी ६:००)

चालेल की. हाताने ढकलल्यावर फिरते म्हणजे बहुतेक कपॅसिटर. मोटरला पहिला धक्का तोच देतो. मागचं झाकण काढलं की दंडगोल किंवा चौकोनी डबी दिसेल, तिच्यावर मायक्रोफॅरडचा आकडा असतो. तेवढ्याच आकड्याचा आणि तितक्याच व्होल्टेजचा नवा घ्यायचा. दीड-दोनशेचं काम. तोवर आईंना टायमर लावून ठेवू देऊ नका, मोटर गुंगत राहिली की तापून जळते. आणि ढकलून चालवायची सवय लावू नका, बोटं जातील.

पाटाचंपाणी (रात्री ८:१०)

माझा अनुभव पुढच्या, पाणी येण्याच्या पायरीचा आहे. पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

छत्रपती संभाजीनगर, सर्वात वरचा मजला, बोअरचं जड पाणी. मशीन दार अडकवायचं, पंप वाजवायचं आणि सात-आठ मिनिटांनी पाणी नसल्याची तक्रार करून थांबायचं. नळाला पाणी होतं, मग तक्रार कसली तेच कळेना.

दोन कारणं निघाली. पाईप मशीनला जिथे जोडतात तिथे आत एक बारीक जाळी असते. पक्कडने हलकेच ओढून काढली तर क्षाराने पांढरी दगड झालेली. लिंबाच्या फुलाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) कोमट पाण्यात रात्रभर ठेवली, सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ झाली. तरी पाणी कमीच. मग पुस्तिका काढून वाचली. आमच्या मशीनला किमान ०.३ बार दाब लागतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. म्हणजे टाकीतलं पाणी नळाच्या किमान तीन मीटर वर हवं. आमची टाकी गच्चीवरच टेकलेली, टाकी अर्धी झाली की दोन मीटरही भरेना. खालच्या मजल्यावरच्यांना हा त्रास कधीच झाला नाही, तो त्यामुळेच. शेवटी त्या लाईनवर छोटा प्रेशर पंप बसवला.

म्युनिकवासी (रात्री ९:२५)

अजून एक जागा. काही मशीनच्या तळाला पत्र्याची ताटली असते आणि तिच्यात तरंगणारा स्विच. कुठून तरी थेंब थेंब गळून ताटलीत पाणी साठलं की स्विच वर येतो आणि मशीन काही केल्या धुणं सुरू करत नाही, नुसता पंप चालवत राहतं. माझ्याकडे साबणाचा खण तुंबून बाहेरून पाणी ओघळत होतं. मशीन दोघांनी मागे तिरपं करून ताटली रिकामी केली, खण धुतला आणि झालं. घर पाण्याने भरू नये म्हणून ती सोय असते, तेव्हा तो स्विच काढून टाकू नका, गळती शोधा.

गोदाकाठ (शनिवार, सकाळी ७:५०)

काका, दार उचलून बघितलं. बोटाच्या पेरभर वर-खाली होतंय! आणि कारणही कळलं. ओल्या चादरी बाहेर काढताना मी बादली उघड्या दारावर टेकवते. चार महिने रोज. बिजागरीचे दोन स्क्रू सैल झालेत. खाचेतही साबणाचा चिकट थर होता, तो प्लग काढून ओल्या फडक्याने आणि काडीने पुसला.

प्लग थेट भिंतीतच आहे. दिवे-पंखे नीट आहेत.

यांनी स्क्रू आवळून दिले. रात्री मशीन एकदा चाललं! सगळ्या चादरी धुऊन पंख्याखाली टाकल्या. आज सकाळी पुन्हा टक्, टक्, टक्. काय करू?

तारयंत्र (सकाळी ८:३०)

म्हणजे सरकपट्टीही झिजली आहे. खाली आलेला आकडा चार महिने तिच्या कडेवर घासत होता. लॉक बदलून घ्या. बाहेरची रबराची कड, तिच्यावरची तारेची कडी आणि दोन-तीन स्क्रू काढले की लॉक हातात येतं, जाणत्या माणसाचं वीस मिनिटांचं काम. कडी परत बसवणं मात्र किचकट असतं, नीट बसली नाही तर रबरातून पाणी गळतं. म्हणून स्वतः करू नका.

येणाऱ्याला सांगा की लॉक मीटरवर तपासूनच बदल आणि जुनं मला दे. मशीनचा मॉडेल नंबर दाराच्या आतल्या कडेला चिकटवलेला असतो. तो फोनवर आधीच सांगा, म्हणजे योग्य लॉक घेऊनच येईल.

शेवंती (सकाळी ९:१५)

आणि ताई, त्या सर्व्हिस सेंटरला लेखी कळवा. न उघडता बोर्ड गेल्याचं कशावरून ठरवलं, हे विचारा आणि ५९० रुपये परत मागा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मी एकदा मिक्सरच्या बाबतीत केली होती. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही सुरू केलंय. त्यावर बऱ्याच कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती असते. पावती जपून ठेवा.

गोदाकाठ (सोमवार, सायंकाळी ६:४०)

झालं! सगळ्यांचे मनापासून आभार.

पंचवटीतला एक मेकॅनिक आला. त्याने मीटर लावून दाखवलं: आकडा नुसता घातला तर संपर्क जुळत नव्हता, बोटाने आणखी दाबला की जुळत होता. जुनं लॉक माझ्याकडे ठेवलंय, आतली पट्टी एका बाजूने चक्क खाल्ल्यासारखी झिजली आहे. लॉकचे ८५०, मजुरी ४००. बिजागरीला त्याने नवे स्क्रू लावले. पाटाचंपाणी यांचं वाचलं होतं म्हणून जाळीही काढायला लावली. तीही निम्मी बुजलेली निघाली.

आज तीन वेळा मशीन लावलं. सासूबाईंच्या अंगाखाली कोरडी, इस्त्री केलेली चादर आहे. त्यांना काकांबद्दल सांगितलं, त्यांनी तुम्हाला आशीर्वाद कळवायला सांगितलाय. बादली आता स्टुलावर ठेवते. सर्व्हिस सेंटरला मेल पाठवली आहे, उत्तर आलं की इथे लिहीन.

तारयंत्र (सायंकाळी ७:०५)

आईंना नमस्कार सांगा. पाठीला लाली आहे म्हणालात, तर दर दोन तासांनी कुशीवर वळवत जा. माझ्या आईच्या वेळी परिचारिकेने हेच शिकवलं होतं.

आंबेवाडी (बुधवार, सकाळी १०:१०)

नमस्कार, हा धागा शोधून आलो. आमचंही मशीन चालू होत नाहीये. दिवे लागतात, स्टार्ट दाबलं की थोड्या वेळाने बंद. मेकॅनिक फोनवरच बोर्ड म्हणतोय. काय करावं?

गोदाकाठ (सकाळी १०:२५)

दादा, थांबा, बोर्डाला हो म्हणू नका. आधी सांगा, स्टार्ट दाबल्यावर कोणता आवाज येतो आणि तो कुठून येतो? दाराजवळून की वरून? आणि बंद पडल्यावर दार लगेच उघडतं का?